बस्त्यांवाची तपकीर

सेबॅस्टियन आल्मेडा कुणाच्याही खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, शिरला की आधी थांबतो. उंबऱ्यापासून चार हात लांब, तोंडावर उजेड पडेल अशा बेताने. घरातली माणसं बाहेर येऊन आपल्याकडे बघेपर्यंत तो एक शब्द बोलत नाही. मी आयुष्यभर दशावतारात राजे केले, आणि जिथे पडदा नाही तिथे प्रवेश कसा घ्यायचा हे कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले. ह्याला ते जन्मतःच येत होतं. सगळे जमले की तो काखेतली काचेची बरणी पुढे घेतो, झाकण सावकाश फिरवतो, चिमूटभर तपकिरी पूड तळहातावर ओततो आणि विचारतो, "ह्यां काय आसा, सांगा बगू?"

काय आहे ते गावात सगळ्यांना पाठ आहे. तरी कुणीतरी सौजन्य म्हणून सांगतं, "तपकीर."

"तपकीर नाय. लाकूड."

एवढं बोलून तो पुन्हा थांबतो. टाळी पडायची ती जागा असते. ती कधी पडत नाही, पण नटाने जागा सोडायची नसते, म्हणून तो सोडत नाही.

पुडीचं खरं नाव लिग्नोसल्फोनेट. बस्त्यांव (सेबॅस्टियनला गावात दुसरं कुणी काही म्हणत नाही) हे नाव असं उच्चारतो की ऐकणाऱ्याला वाटावं, रंगभूमीवर राक्षस येतोय. एकदा देवळाचा केर काढणाऱ्या काशीबाईने त्याचं भाषण सुरू असतानाच बरणीत बोटं घातली आणि खरोखरच चिमूट नाकाला लावली. शिंक आली नाही. तिने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मेल्या, ह्या तपकिरीत जीवच नाय." बस्त्यांव आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता.

त्याचं सांगणं असं. झाडाच्या खोडात धागे असतात आणि त्या धाग्यांना धरून ठेवणारा एक डिंक असतो. कागदाच्या कारखान्यात लाकडाचे तुकडे औषधाच्या पाण्यात शिजवतात. धागे कागदाला जातात, डिंक पाण्यात उतरतो. ते काळपट पाणी पूर्वी खुशाल नदीत सोडून देत. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की ते आटवून सुकवलं तर जी पूड उरते ती मोठी कामाची आहे. पाण्यात पडताच विरघळते, आणि जे कण विरघळत नाहीत त्यांना एकमेकांपासून लांब ठेवते. सुकली की मात्र तीच पूड चिकटून बसते आणि सगळ्यांना धरून ठेवते. म्हणजे ओली असताना फूट पाडायची आणि वाळल्यावर एकीची भाषा करायची. हे गुण माणसात असते तर आमच्या गावाने त्याला बिनविरोध सरपंच केला असता.

बस्त्यांवाच्या लेखी जगात ह्या पुडीशिवाय काही चालत नाही. हापूसच्या बागेतला गडी फवारणीचं औषध कालवताना दिसला की हा कुंपणावरून ओरडणार, "तां औषध पंपाच्या तळाक बसणा नाय, कित्याक? माझी पूड." म्हशीला गोळीपेंड घालणाऱ्या बाईला सांगणार की पेंडीची गोळी फुटत नाही ती ह्याच पुडीने. खाणीच्या रस्त्यावर धूळ बसवायला ही. कापडाचा रंग सारखा लागायला ही, कातडं कमवायला ही, तेलाच्या विहिरी खणताना चिखल पातळ ठेवायला ही. गाडी सुरू झाली नाही आणि मेकॅनिकने बॅटरी उघडली, तर त्या शिशाच्या पट्ट्यांतही हिचा अंश. एका वर्षी फेस्ताच्या दिवशी चर्चच्या मागच्या मांडवात सगळे पांढरं आईस्क्रीम खात होते. हा उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यो व्हॅनिलाचो वास आसा मां, तसो वास लाकडाच्या ह्याच काढ्यापासून पण करतत." लोकांनी कप खाली ठेवले. त्याची बायको आग्नेस, शाळेत मास्तरीण, तिने सगळ्यांदेखत त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, "तू आता बोलू नको. तुझी पण काढो घेवची वेळ झाली हा."

बरणीमागचा माणूस कसा घडला ते सांगायला हवं, नाहीतर हा नुसता विदूषक वाटेल.

त्याचा बाप पदेर, म्हणजे पावाची भट्टी चालवणारा. आमच्या जत्रेचं नाटक उजाडता संपायचं. तोंडावरचा रंग खोबरेलाने पुसत आम्ही नटमंडळी देवळाच्या पायरीवर बसलेलो असायचो, तोच सायकलचा भोंगा वाजायचा आणि त्याच्याआधी गरम पावांचा वास यायचा. म्हातारा आल्मेडा टोपली खाली ठेवी, फडकं बाजूला सारी आणि मला म्हणे, "राजानू, राज्य तर गेला. आता पाव खावा." माझं राज्य दर जत्रेला बुडायचं आणि त्याचा पाव दर जत्रेला यायचा. त्याने त्याचं कधी काही घेतलं नाही. तेवढ्यात आत मानाचे नारळ निघायचे. एकेका घराण्याचं नाव पुकारलं जायचं. ज्याने उभ्या जन्मात देवळात एक पणती लावली नाही, त्याचंही नाव, कारण त्याच्या खापरपणजोबाने लावली होती. टोपलीवाल्याचं नाव त्यात नसायचं. सायकलच्या दांडीवर बसलेला लहान बस्त्यांव हे ऐकत असायचा. पुढे मोठेपणी तो मला एकदा म्हणाला, "राजानू, माका नारळ नको. नारळ माझ्या माडाक आसत. त्या खळ्यात एकदा माझ्या घराचा नाव ऐकूक व्हया, बस."

एवढीच इच्छा, पण ती घेऊन हा माणूस मस्कतला गेला आणि तीच घेऊन परत आला. तिथे तो काँक्रीट बनवणाऱ्या कारखान्यात होता. काम काय, तर फिरत्या ड्रममध्ये ही पूड योग्य वेळी सोडणं. गावी पत्र आलं की 'केमिकल डिपार्टमेंटमध्ये आहे'. परत आला तो बरण्या घेऊन. कट्टा गावच्या बाजारात दुकान टाकलं, पाटीवर स्वतःचा फोटो लावला आणि आजूबाजूच्या गावांत कुठे स्लॅब पडायचा असला की न बोलावता जाऊ लागला.

अशात आमच्या गावाने रंगमंच बांधायचं ठरवलं.

खरं तर दशावताराला रंगमंच लागत नाही. देवळाच्या मंडपात एक बाकडं ठेवलं की ते सिंहासन, त्यावर पाय ठेवला की तो पर्वत. पण शेजारच्या गावाने रंगमंच बांधला होता आणि त्याच्या कोनशिलेवर तिथल्या मानकऱ्यांची नावं होती. आमच्या मानकऱ्यांना झोप येईना. ठरलं, की देवळाच्या आवारात खांबांवर स्लॅब घालायचा. वर नाटक, खाली नटांना रंगायला खोली. पुढच्या जत्रेला पहिला प्रयोग, आणि त्यात राजा म्हणून पहिला प्रवेश मी घ्यायचा. ठेका अजय नावाच्या होतकरू कंत्राटदाराला दिला. त्याच्या होतकरूपणाचं कारण असं की तो मुख्य मानकऱ्याचा, सत्यवान गावकराचा, जावई होता.

गावाच्या बैठकीला बस्त्यांव बरणी घेऊन आला. पूड आपल्यातर्फे म्हणाला. नेहमीप्रमाणे तो चार हात लांब, उजेडात उभा राहिला.

"सिमेंटाचे कण म्हणजे काय, तर भावकी," तो म्हणाला. "पाण्यात पडले की एकमेकाक मिठी मारून गठ्ठो करतत. त्या गठ्ठ्यात पाणी अडाकता. मगे गवंड्याक वाटता घट्ट झाला, तो आणि पाणी ओतता. जास्ती पाणी म्हणजे स्लॅब भुसभुशीत. माझी पूड काय करता? प्रत्येक कणाक चिकाटता आणि सगळ्यांका एकाच जातीची वीज लावता. मगे ते एकमेकाक लांब ढकलतत. अडाकलेला पाणी सुटता. कमी पाण्यात काँक्रीट लोण्यासारख्या पसारता."

सत्यवान गावकर सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली. "म्हणजे तुझी पावडर भावकीत भांडणां लावता."

"तसाच समजा."

"तेका पावडर कित्याक व्हयी रे? आमच्या वाडीतले दोघे नेवन सोड मिक्सरात."

बैठक हसली. बस्त्यांवही हसला, कारण त्याला त्यांच्यात सामील व्हायचं होतं. मग त्याने बोट वर केलं. "पण माप सांभाळूक व्हया. थोडी घातली तर कण थोडो वेळ रुसतत, तेवढ्यात आपण काम उरकून घेवचा. जास्ती घातली तर रुसवो लांबता, काँक्रीट घट्टच होयना. आणि साखर लागली, तर अबोलो." त्याने मस्कतची गोष्ट सांगितली: ट्रक रस्त्यात बंद पडला, आतलं काँक्रीट ड्रममध्येच दगड होणार, तर ड्रायव्हर चहाच्या टपरीवरून साखरेची पिशवी आणून आत ओततो. ते दगड होता होता थांबतं. "साखर म्हणजे सिमेंटाचो वैरी," तो म्हणाला. हे वाक्य सगळ्या गावाने ऐकलं होतं. ध्यानात ठेवा.

स्लॅबचा दिवस उन्हाचा निघाला. मिक्सर घरघरत होता, वर सळ्यांची जाळी तयार होती. उन्हात काँक्रीट लवकर आवळेल म्हणून बस्त्यांवाने सकाळीच पुडीचं माप वाढवलं होतं. आणि तेव्हा सत्यवान गावकर हातात गुळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले.

देऊळ बांधलं तेव्हा चुन्यात गूळ मळला होता, असं ते म्हणाले. ते खरंच आहे. चुन्याच्या कामात जुने लोक गूळ घालत आणि त्या भिंती अजून उभ्या आहेत. पण हा चुना नव्हता. तो फरक तिथे एकालाच माहीत होता.

"गावकरानू, सिमेंटात गूळ चलना नाय," बस्त्यांव म्हणाला. मोठ्याने म्हणाला, मी साक्षीदार आहे.

"एक तांब्यो देवाच्या नावाचो."

"एक थेंब पण नको. मी सांगललंय काय नाय, साखर म्हणजे-"

"गूळ म्हणजे साखर नाय," गावकर म्हणाले आणि त्यांनी तांब्या मिक्सरात पालथा केला.

आता एक तांब्या असता तर निभावलं असतं. पण गावकरांनी ओतला म्हटल्यावर दुसऱ्या घराण्याचा मानकरी मागे कसा राहील? त्याच्यामागे तिसरा. मिक्सर रिकामा होऊन नवा भरला की मागच्यांना वाटे, पहिल्यात त्यांचा गूळ पडला, ह्यात आपला कुठे आहे? मग पुन्हा पहिल्यापासून. ढेपांवर ढेपा आल्या. दोन घराण्यांत कुणी आधी ओतायचा यावरून शब्दाला शब्द लागला, आणि तोडगा असा निघाला की दोघांनी एकदम ओतायचा, आणि कुणाचा कमी पडू नये म्हणून दोघांनी घागर भरून. सिमेंटातली भावकी पुडीने लांब ठेवली होती, बाहेरची मिक्सरभोवती गच्च जमली होती.

बस्त्यांव डोक्याला हात लावून ओरडत होता. अजयला तो म्हणाला, मिक्सर बंद कर. अजयने सासऱ्यांकडे बघितलं आणि मिक्सर चालू ठेवला.

तेव्हा सत्यवान गावकरांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं जाहीर मागणं, घालायला सुरुवात केली. त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. "बा देवा म्हाराजा, आज तुझे बारा-पाचाचे मानकरी एक होवन तुझ्या पायाकडे ह्यो रंगमंच बांधतत, तो पुरो करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"आणि आज ह्यो आल्मेड्यांच्या घराण्यातलो बस्त्यांव, पदेराचो झील, तेना आपली विद्या तुझ्या पायाकडे आणून ठेवली हा. आजपासून तेचो पण एक मान आमी मानतो. तेचा सगळा बरा कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गावकरांनी हे का केलं? माझं मत विचाराल तर ओरडणारा माणूस गप्प करायचा होता. माझ्या मंडळीतला एक मालक असाच पगार मागणाऱ्या नटाला शाल घालायचा. पण मी बस्त्यांवाकडे बघत होतो. त्याचं उघडं तोंड मिटलं. डोळ्यांत काहीतरी आलं आणि त्याने ते सिमेंट गेल्यासारखं बाहीने पुसलं. कुणीतरी त्याच्या हातात तांब्या दिला. साखर म्हणजे सिमेंटाचा वैरी हे सांगणारा माणूस मिक्सरपाशी गेला, कपाळाला तांब्या लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. गूळ तळाला राहिला होता, तर तांब्यात पाणी घालून विसळून तेही ओतलं. इतका भक्तिभाव त्या दिवशी दुसऱ्या कुणाला साधला नाही.

दुसऱ्या दिवशी काशीबाईने खालून हाक मारली, "राजानू, ह्यां बगा." शिडीवरून बघितलं तर तिच्या कोंबडीची पावलं स्लॅबभर उमटली होती, एखाद्या नर्तकीने प्रवेश घेऊन सगळा रंगमंच फिरावा तशी. तिसऱ्या दिवशी मी कडेला काठी टेकवली, ती आत गेली. त्यानंतरही स्लॅब खरवसासारखा होता. वर मुंग्या आल्या. जत्रा जवळ येत होती, आणि मंडळींनी मला विचारायला सुरुवात केली की राजाचा प्रवेश आता होडीतून घ्यायचा का.

मानकरी जमले. अजय म्हणाला, आपलं काम चोख आहे, पावडर खोटी. सत्यवान गावकर म्हणाले, पावडर खोटी. ज्या दोन घागरवाल्यांचं मिक्सरपाशी बिनसलं होतं ते ह्या मुद्द्यावर एक झाले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं की खिरिस्तावाचा हात लागला तेव्हाच आपल्याला शंका आली होती. चार दिवसांपूर्वी ह्याच तोंडातून 'व्हय म्हाराजा' निघालं होतं. ठरलं, की स्लॅब फोडायचा आणि बस्त्यांवाचा मान रद्द करायचा. फोडण्याआधी देवाला कौल लावायचा, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको.

बस्त्यांव माझ्या घरी आला. पहिल्यांदाच तो खळ्यात न थांबता सरळ ओट्यावर आला, बरणी नव्हती. मागोमाग आग्नेस आली.

"राजानू, फोडल्यानी तर जत्रेआधी नवो स्लॅब होवचो नाय," तो म्हणाला. "तसोच ठेवल्यानी तर तो आपसूक घट्ट होतलो. उशीर होतलो, पण होतलो. आणि झालो की नेहमीपेक्षा बरो."

"मग सांग त्यांना."

"कसा सांगू? कित्यान झाला म्हणान विचारतले. गुळान झाला म्हणूचा लागात. मानकऱ्यांच्या मानाक दोष लावल्यार माझो मान ऱ्हवात?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पावडर खोटी, मी खोटो. मान गेलोच."

आग्नेस इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. "ह्या माणसान माझ्या आईस्क्रीमाचो वास घालवल्यान, खरां बोलाचा म्हणान," ती मला म्हणाली. "गुळाचो तांब्यो बगल्यार मात्र खरां खंय गेला? रे, तुका ठावक होता मां?"

"होता."

"मगे कित्याक ओतलंस?"

उत्तर तिला ठाऊक होतं. तिने त्याच्या खांद्यावरचा सिमेंटचा वाळका थर नखाने खरवडला आणि म्हणाली, "पावापायी तुझ्या बापाशीक कोणी मान दिल्यानी नाय. तो काय मेलो तेच्यान? ऊठ. सांगून ये."

दुसऱ्या दिवशी देवळात सगळे जमले होते. गुरव कळे लावायला बसला होता. कळे म्हणजे ओल्या पाकळ्या. त्या देवाच्या पाषाणाला चिकटवतात, प्रश्न विचारतात, आणि उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची तर नकार. बस्त्यांव आवाराच्या मधोमध उभा राहिला. उजेड त्याच्या पाठीवर होता, तोंड दिसत नव्हतं. त्याच्या आयुष्यातला हा पहिला वाईट प्रवेश.

"पुडीचा माप मी वाढवललंय, उन्हासाठी," तो म्हणाला. "ती चूक माझी. पण तेवढ्यान एक दिवस उशीर झालो असतो. रवलेला गुळान केला. सगळ्यांच्या गुळान. माझ्यासकट."

"तुका ठावक होता, मगे गप कित्याक बसलंस?" सत्यवान गावकरांनी विचारलं.

"तुमी माझ्या घराचा नाव घेतलास म्हणान."

गावकर सुपारी शोधू लागले. "म्हणजे मान देवक चुकलो म्हणतंस."

"चुकलो नाय. जास्ती झालो." तो थोडा थांबला, आणि मी शपथेवर सांगतो, ही थांबण्याची जागा त्याने शोधलेली नव्हती. "माझो काढून घेवा. पण फोडू नको. ओले गोणपाट घाला, खालचे टेकू काढू नको, कोणाक वर जावक देव नको. गूळ आपलो जोर संपवतलो, मगे तो आवळतलो."

कौल लावला. प्रश्न असा की स्लॅब फोडावा का. उजवी पाकळी पडली नाही. डावीही पडली नाही. लोक वाट बघून कंटाळले, जेवून आले, तरी पाकळ्या होत्या तिथेच. देव विचार करतोय, असं गुरव म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तेच. मग रोज. त्या दिवसांत गावात कुणाच्या तरी नवसाचे अभिषेक चालले होते आणि पाषाणावर सकाळ-सकाळ दूध, मध, साखर पडत होती, असं काशीबाईने मला नंतर सांगितलं. ते पुसायचं काम तिचंच. "सगळा चिकट झालेला मां," ती म्हणाली. "पण माका कोणी इचारूक नाय." साखर लागली की सगळंच लांबतं.

कौल अडलेला असेपर्यंत स्लॅबला हात लावता येईना. गोणपाट भिजवायचं काम बस्त्यांवाने स्वतःकडे घेतलं, बरणीशिवाय, भाषणाशिवाय. एका सकाळी मी काठी टेकवली आणि ती वाजली. मी पुन्हा टेकवली. अजयने हातोडीने ठोकून बघितलं, हातोडी उडाली. त्याच दिवशी, म्हणे, उजवी पाकळी पडली, म्हणजे फोडा असा हुकूम झाला. गुरवाने ती हळूच उचलून डावीकडे ठेवली. अशा प्रसंगी दिग्दर्शन लागतं.

टेकू काढले. आता वर जाऊन बघणार कोण? अजय म्हणाला, सासऱ्यांचा मान पहिला. सासरे म्हणाले, आपले गुडघे दुखतात. घागरवाल्या दोघांनी एकमेकांना 'आधी तुम्ही' असा आग्रह केला. गावाच्या इतिहासात तो पहिलाच. मग सत्यवान गावकरांना सुचलं. ते खाकरले आणि म्हणाले, "पयलो पाय ठेवचो मान आल्मेड्यांचो."

आग्नेस माझ्या शेजारी उभी होती. "बगलास? पडलो तर ह्यो पडात," ती पुटपुटली. "एकाक पण लाज नाय." मग मोठ्याने, "रे, बूट काढ. आणि उडये मारू नको."

बस्त्यांवाने बूट काढून तिच्या हातात दिले. शिडी चढला. वर पोचल्यावर क्रूस काढला, मग वाकून स्लॅबला हात लावून कपाळाला लावला; कुणाचाही राग नको. मधोमध जाऊन उभा राहिला. गावकरांनी खालून गाऱ्हाणं घातलं, त्याचं नाव, बापाचं नाव, घराण्याचं नाव, सगळं नीट, लांबवून, कारण तेवढ्या वेळात स्लॅबचं काय होतंय ते बघायचं होतं. काही झालं नाही.

आता हा मान कायमचा झाला आहे. दर जत्रेला नाटकाआधी सगळं गाव चार पावलं मागे सरतं आणि आल्मेड्यांच्या घरचा माणूस एकटा वर जाऊन स्लॅब धड आहे ना ते उभं राहून सिद्ध करतो. स्लॅब पंचक्रोशीत नावाजला गेला. त्याचं श्रेय गुळाला मिळालं. शेजारच्या गावांतून लोक सत्यवान गावकरांना विचारायला येतात की ढेप किती घातली होती, आणि ते सांगतात. ती माणसं मग कट्ट्याला बस्त्यांवाच्या दुकानात जातात, कारण तिथे 'गूळ घालणार असाल तर आधी सांगा' अशी नवी पाटी लागली आहे. तो वाद घालत नाही. पुडीचं माप तेवढं कमी करून देतो.

गेल्या जत्रेला मी राजाच्या वेषात रंगून खाली उभा होतो. तो वर चढत असताना मी विचारलं, "बस्त्यांव, ते तुला का वर पाठवतात ते कळतं ना?"

"कळता राजानू." त्याने वरून खाली बघितलं. "पण नाव मोठ्यान घेतत."

गाऱ्हाणं सुरू झालं. बापाचं नाव आलं तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत माझा आवाज जरा वर लागला. नाटकाला अजून अवकाश होता आणि पोटात काही नव्हतं. आग्नेस त्याचे बूट धरून उभी होती. दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेली पावांची टोपली होती. "राज्य बुडल्याशिवाय मेळूचो नाय," ती मला म्हणाली आणि टोपली दुसऱ्या बाजूला घेतली.